बाजरीतून पाठवलेला कॉम्प्युटर

आमच्या माहेरी, मोरगावच्या बाजूला, फुटणारी वस्तू बाजरीतून पाठवायची रीत होती. अंडी, कंदिलाची काच, लेकीला दिलेला आरसा, सगळं बाजरीत पुरून एसटीनं जायचं. माझा आरसा तसाच वालचंदनगरला आला आणि त्याच्या कोपऱ्याचा टवकासुद्धा उडाला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते वाचून हसाल. मला तेव्हा त्यात शहाणपणच दिसत होतं.

आमचे हे कारखान्यात फिटर होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात पेरूचं झाड. पलीकडच्या ओळीत एक इंजिनियर राहायचे, ते नोकरी बदलून परमुलखात निघाले, तेव्हा त्यांच्या बाईंनी आमच्या लेकीला एक कॉम्प्युटर देऊन टाकला. नव्वदीची ती पहिली पहिली वर्षं, पण तो तेव्हाच जुना होता. आता कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं येतो तसा नव्हता बरं का. नुसती बटणांची पाटी, वहीपेक्षा जरा मोठी, आणि सगळं यंत्र त्या पाटीच्याच पोटात. एक वायर टीव्हीला जोडायची, दुसरी टेपरेकॉर्डरला. टेपरेकॉर्डर कशाला, तर याला स्वतःचं काही ध्यानात राहायचं नाही. बटण बंद केलं की शिकवलेलं सगळं विसरला. म्हणून जे शिकवलं ते कॅसेटवर भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवायचं. ऐकवताना कॅसेट किंचाळायची. आधी लांब शिट्टी, मग किर्र किर्र. शेजारीण विचारायची, "तुमच्यात रोज काय तळतात गं?"

लेकीनं पुस्तकात बघून बघून त्याला बोलायला शिकवलं. म्हणजे आवाज नाही, अक्षरं. टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायचं, "आई जेवलीस का?" मी एच दाबला तर हो, एन दाबला तर नाही. नाही म्हटलं तर म्हणायचा, "मग आधी जेव." हो म्हटलं तर विचारायचा, "काय केलं होतंस?" मग मी एकेक अक्षर हुडकून 'भाकरी' लिहायची. मी चौथी शिकलेली, एबीसीडी कधी गिरवली नव्हती. ती मी त्या बटणांवर शिकले. भाकरी लिहायला मला भाकरी करण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. लिहून झालं की तो म्हणायचा, "मला पण ठेव." दरवेळी तेच म्हणायचा, आणि दरवेळी मला हसू यायचं.

बारावी झाल्यावर ती बारामतीला कॉलेजात गेली, वसतिगृहात राहिली. कॉम्प्युटर घरीच होता. म्हणून ती दर शनिवारी दुपारच्या गाडीनं यायची. पिशवी टाकली, पाणी पिऊन झालं, की टीव्हीपुढं बसायची, आणि मी तिच्या शेजारी शेंगा फोडत बसायची. कॉम्प्युटरसाठी येत होती का माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्यात माझंच नुकसान होतं.

एका शनिवारी ती म्हणाली, "आई, आमच्या रेक्टरबाईंनी हॉलमधला टीव्ही लावायला परवानगी दिलीय. रविवारी सकाळी. मी हा घेऊन जाऊ का?"

"ने की," मी म्हटलं. "तुझाच आहे."

"आज नको. आज पिशवीत नीट बसणार नाही. तू ये ना घेऊन, माझी खोली पण बघशील."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर पेरूखाली जाऊन बसले. तो तिकडं गेला की शनिवारही तिकडंच जाणार, हे मला कळत होतं. आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आठ दिस थांब. कारखान्यात भंगार फळ्या हायत, विचारून आणतो. खोकं करतो, आत भुसा घालतो. आमी एवढाली मशिनं धाडतो बाहेर, ही पाटी काय."

पण मी आठ दिवस थांबले नाही. मधे एक शनिवार आला असता, ती येऊन शेजारी बसली असती, आणि मग माझ्या हातून तो सुटला नसता. बुधवारीच निघायचं ठरवलं.

ह्यांच्या गावाहून, कळसहून, दिरांनी नवी बाजरी धाडली होती. पत्र्याची पेटी काढली, तळाला बाजरीचा थर दिला, त्यावर कॉम्प्युटर उताणा न ठेवता सरळ ठेवला, वरून काठोकाठ बाजरी ओतली. कापडात गुंडाळायचं मनातही आलं नाही. अंड्याला कोण कापड गुंडाळतं? शिवाय वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या बाईंना बाजरी दिली तर लेकीला भाकरी मिळेल, असाही हिशोब होता. कॅसेट तेवढी पिशवीत घेतली. तिच्यावर आधी भजनं होती, आणि भजनाची कॅसेट पेटीत कोंबणं मला बरं वाटेना.

ह्यांनी पेटी गाडीत चढवली, कंबर धरून म्हणाले, "खुळी हायस. पण तुझ्या आईचा आरसा आला होता खरा." म्हणजे त्यांनाही पटलंच होतं.

कंडक्टरनं पेटीला पाय लावून बघितला. "मावशी, काय हाय ह्यात?"

"कळसची बाजरी."

"बारामतीत बाजरी मिळत न्हाय व्हय?"

"आत कॉम्प्युटर पण आहे."

त्यानं तिकीट फाडता फाडता माझ्याकडं बघितलं. "कळसच्या रानात आता कॉम्प्युटरबी पिकाय लागलं," मागं वळून सगळ्या गाडीला सांगितलं. गाडी हसली. मी पण हसले. मी पेटीवर हात ठेवून बसले होते, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

उसाचे दिवस. जंक्शन गावापासून रस्ता उसाच्या गाड्यांनी उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला पेटी उडायची आणि आत बाजरी सळसळायची. मला वाटायचं, बाजरी झटका खातेय, त्याला लागू देत नाहीये. ती प्रत्येक झटक्याला त्याच्या खाली सरकून वाट करत होती, आणि तो वजनाखाली खोल खोल चालला होता, हे मला कसं दिसणार?

वसतिगृहाच्या हॉलमध्ये पाच-सहा मुली जमल्या. लेकीनं पेटी उघडली आणि तिचा हात थांबला. "आई, यात कुठंय?"

"तळाला असेल, हात घाल."

तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत घालून त्याला वर काढला. एका कोपऱ्याला कवच तडकलं होतं. चार बटणं आत गेली होती, बाहेर येईनात. तिनं तो तिरका केला, तर मागच्या फटींतून बाजरी सांडायला लागली. सांडतच राहिली. एका मुलीला हसू फुटलं, दुसरीनं तिला कोपर मारलं. रविवार नव्हता, तरी रेक्टरबाईंना विचारून लेकीनं वायर जोडली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

बाजारपेठेत एक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले होते, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी स्क्रू काढले, वर्तमानपत्रावर मूठभर दाणे झटकले. बटणांपासून आतल्या यंत्रापर्यंत एक पातळ पट्टी जाते, फिल्मसारखी. ती बोटात धरली तर वाळक्या पानासारखी मोडली.

"मावशी, ही आधीच वाळली होती. जुन्या मालाचं असंच. घरात ठेवलं तर चालतं, हलवलं की गेलं. पण बाजरी का घातली?"

"आमच्याकडं अंडी तशीच पाठवतात."

त्यांनी चष्मा वर केला. हसले नाहीत. "अंड्याला फटी नसतात, मावशी. ह्याला आतली गरम हवा सोडायला ठेवल्यात."

पट्टी मिळेल का विचारलं, तर म्हणाले, हे बनवायचंच बंद झालंय. रस्त्यावर आल्यावर मी लेकीकडं बघेना. तीच म्हणाली, "राहू दे गं. भूक लागलीय, काहीतरी खाऊ." खाताना माझ्या साडीच्या निऱ्यांतून दाणे पडत होते, आणि ती एकेक उचलून टेबलावर रांग लावत होती.

कॉम्प्युटर मी परत आणला. ती पुढचे दोन शनिवार आली. टीव्हीपुढं बसायचं काही नव्हतं, म्हणून शेंगा फोडू लागली, आणि आम्हाला बोलायला सुचेना. मग कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले. शनिवारी दुपारी मुलींना बसू द्यायचे. तिनं पत्रात लिहिलं, "या आठवड्यात जमणार नाही." तसं ते जमेनासं झालं. नंतर पुणं, नंतर त्याहून लांब. चांगलं झालं तिचं, तक्रार नाही. तिला धरून ठेवायला तो धड असता तरी ती गेलीच असती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

मागं एकदा आली होती, माळ्यावरची पेटी काढताना तो हाती लागला. पिवळा पडलेला. तिनं हलवून बघितला, आत एक दाणा वाजला.

"आई, खरं सांग. मुद्दाम केलं नव्हतंस ना? मी नेऊ नये म्हणून?"

"नाही गं."

आणि ते खरंच आहे. मी तो नीट पोचावा म्हणूनच धडपडले. पण तो तडकलेला बघून, सगळ्या मुलींसमोर शरमेनं मेल्यासारखं झालेलं असताना, मनात एक विचार चमकून गेला होता, की आता शनिवारी ती घरी येईल. क्षणभरच. तो मी तिला सांगितला नाही. इथं लिहिला, आता वाचेल तर वाचेल.

कॅसेट मात्र धड आहे. टेपरेकॉर्डरही चालतो, झाकण दाबून धरावं लागतं एवढंच. जेवण झालं की कधी कधी मी ती लावते. लांब शिट्टी, मग किर्र किर्र, आणि किर्र संपलं की मधूनच, पुसायचं राहिलेलं अर्धं भजन सुरू होतं. त्या किंचाळण्यात कुठंतरी "आई जेवलीस का?" आहे. नेमकं कुठं ते मला ओळखता येत नाही, म्हणून मी शिट्टी संपली की बोलून टाकते. हो म्हणते. काय केलं होतं तेही सांगते.