भिकनची दोनशे बारा मेंढरं

भिकनच्या घराण्यात पोरांची नावं यमाला फसवण्यासाठी ठेवत. आजीची आधीची तीन गेली, म्हणून बापाचं नाव कडूबा. यमानं तोंडात घातलाच तर थू करून टाकावा. कडूबाची दोन गेली, म्हणून तिसऱ्याला पाच घरची भीक मागून आणलेल्या ज्वारीवर लोळवलं आणि भिकन म्हटलं. असलं मागून आणलेलं पोर नेऊन करायचं काय, असं यमाला वाटावं. यम दोन्ही वेळा फसला. तोटा एवढाच झाला, की ते नाव ऐकून पुढे साहेब लोकांनाही तसंच वाटायला लागलं.

सिल्लोडजवळच्या गावात मेंढरं राखता राखता भिकन दहावीला इंग्रजीत आपटला आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून चिकटला. औरंगाबादचे ते भरभराटीचे दिवस होते. आपलं गाव आशियात सगळ्यात झपाट्यानं वाढतंय म्हणून जो तो छाती फुगवून सांगायचा, आणि सांगून होईपर्यंत लाईट जायची.

भिकन सहा वर्षं हेल्पर होता. दर सात महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे पंधरा दिवस घरी बसायचं आणि सोळाव्या दिवशी नवा माणूस म्हणून हजर व्हायचं. एकच माणूस दहा वेळा नवा झाला, पण कायम एकदाही झाला नाही. कायम व्हायचं, टेक्निशियन म्हणून हजेरीपटावर आपलं नाव शाईनं लिहिलेलं बघायचं, हे एकच वेड त्याच्या डोक्यात होतं. मुकुंदवाडीच्या खोलीत राजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्या दिवसासाठी एक पांढरा शर्ट घडी घालून ट्रंकेत ठेवला होता.

कारखान्यात विभागप्रमुख होते व्यंकटराव. आजोबा पुजारी, वडील निजामाच्या कचेरीत कारकून, आणि व्यंकटराव इंजिनिअर. तिन्ही पिढ्यांचे गुण त्यांच्यात उतरले होते. यंत्र आलं की ते आधी त्याला कुंकू लावत, मग त्याची नोंद करत, आणि वेळ उरला तर ते चालवून बघत.

एक दिवस पुण्याहून मायक्रोप्रोसेसरचं किट आलं, म्हणजे यंत्रांना हुकूम देणारा उघडा कॉम्प्युटर. ताटाएवढी हिरवी पाटी, मधोमध झुरळासारखी काळी चिप, खाली आकड्यांची आणि ए ते एफ अक्षरांची चोवीस बटणं, वर सहा लाल आकडे. सोबत पुस्तक, त्यात बारा नमुना प्रोग्राम. पहिला नमुना दोन आकड्यांची बेरीज करायचा. व्यंकटरावांनी दीड तास बटणं दाबून तीन अधिक दोन केले. उत्तर पाच आलं. सगळ्या खात्यानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लाईट गेली. परत आली तेव्हा किटला ना तीन आठवत होते, ना दोन.

त्या किटची खोड अशी, की आकडे एकेक करून हातानं भरायचे आणि वीज गेली की ते सगळं विसरायचं. व्यंकटराव चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे भरायचं काम कुणी हमाली जातीचं बघा." सगळ्यांनी भिकनकडे बघितलं.

भिकनला त्या आकड्यांचा अर्थ कळत नव्हता. पण मेंढपाळाच्या पोराला कळप मोजायला अर्थ लागत नाही. त्याला तोंडं लागतात. त्यानं प्रत्येक आकड्याला मेंढरू करून टाकलं. सात-चार ही काळ्या कानाची. एफ-झिरो हा मोडक्या शिंगाचा एडका. एक-दोन ही नेहमी दुसऱ्याच्या रानात शिरणारी. कळप वाड्यात घालताना कुणामागून कोण येतं हे जसं त्याला झोपेतही सांगता यायचं, तसा नमुना क्रमांक नऊ त्याला पाठ झाला. त्यात दोनशे बारा आकडे होते, आणि ते बिनचूक गेले की एक छोटी मोटर पाव फेरा घ्यायची, थांबायची, बाटली मोजायची, पुन्हा पाव फेरा घ्यायची. व्यंकटरावांना त्याला दीड तास लागायचा आणि तरी मोटर उलटी फिरायची. भिकन सात मिनिटांत करायचा.

पहिल्यांदा मोटर फिरली तेव्हा तो तिच्यापुढे उकिडवा बसून राहिला. "चालली बघ," तो शेजारी उभ्या बन्सीला म्हणाला, "शेवटचं मेंढरू आत गेलं की फाटक लागतं आन् चालतीच."

बन्सी हा मशीनवरचा कायम कामगार, भीमनगरचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून सोळा वर्षं मोर्चे चालले होते. बन्सी त्यात मिसरूड फुटल्यापासून होता आणि पाठीवर दोन लाठ्यांचे वळ जपून होता.

"भिकनभाऊ, आमी एका नावासाठी सोळा वर्षं भांडलो. तुला सहा वर्षांत तोंड उघडता येईना?"

"साहेब म्हणाले, पुढच्या यादीत घालतो."

"यादी का रेशनची हाय? मागून घे."

भिकन हसायचा. मागायचं म्हटलं की त्याला आपलं नाव आठवायचं आणि लाज वाटायची.

पुढे गिऱ्हाइकासाठी नमुन्यात बदल झाले. बाटल्या चाराच्या सहा झाल्या, थांबा लांबला. भिकननं आकडे फिरवून फिरवून ते जमवलं. "लिहून ठिवू का, साहेब?" त्यानं विचारलं. "लिहायचं कशाला? तू आहेस की," व्यंकटराव म्हणाले. उभ्या नोकरीत त्यांनी केलेली ही एकमेव स्तुती, आणि भिकननं ती राजाबाईला तीनदा सांगितली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पुण्याचा विक्रेता नवं यंत्र घेऊन आला. त्यात भिकननं भरलेले आकडे एका चिपवर कायमचे कोरता यायचे. मग लाईट गेली तरी विसर पडायचा नाही. भिकननं स्वतः दोनशे बारा मेंढरं त्या चिपमध्ये कोंडली. चिपच्या पाठीवर काचेचा एक गोल डोळा होता आणि त्यावर कागदी पट्टी. व्यंकटराव फोनवर होते, म्हणून विक्रेत्यानं भिकनलाच बजावलं, "ही पट्टी काढू नका बरं. उन्हानं आतलं सगळं पुसलं जातं."

चिपची स्थापना संक्रांतीला ठरली. त्याच दिवशी विद्यापीठाला नाव मिळालं. बन्सी रजेवर होता, रस्त्यावर पोलीस होते, आणि खात्यात व्यंकटराव सोवळ्यात असल्यासारखे उभे होते. त्यांनी किटला हळद वाहिली, चिपला कुंकू लावलं, आणि मग त्यांची नजर त्या पट्टीवर गेली.

"देवाच्या डोळ्यावर पट्टी? प्राणप्रतिष्ठेला डोळे उघडतात, झाकत नाहीत!"

"साहेब, ती पट्टी..."

"मंत्र चालू असताना मध्ये बोलू नये रे."

त्यांनी नखानं पट्टी सोलली. आत सोन्याची बारीक तार लखलखली, आणि सगळ्यांनी हात जोडले. उत्तरायणाचा पहिला दिवस, म्हणून किट पूर्वेच्या उघड्या खिडकीत, सूर्यनारायणाच्या समोर ठेवलं. मग व्यंकटरावांनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. भिकनच्या हातावर तिळगूळ आणि एक पाकीट ठेवलं.

"गोड बोल. या वेळचा ब्रेक जरा मोठा आहे. आता आकडे भरायला माणूस लागत नाही ना."

भिकननं तिळगूळ खाल्ला. पट्टीचं सांगायचं राहिलं. पाकीट खिशात घालून तो बाहेर पडला. राजाबाईनं ट्रंकेतला शर्ट काढला नाही. ट्रंकच उचलली, आणि दोघं गावी गेली.

एप्रिलमध्ये माळावर मोटारसायकल आली. बन्सी होता. भिकन दुसऱ्याची मेंढरं राखत होता आणि ओरडत होता, "ए एफ-झिरो! मागं फिर!" मोडक्या शिंगाचा एडका मुकाट मागं फिरला.

"चल," बन्सी म्हणाला. "तुझी चिप येडी झाली. सायबानं दोनदा भरून बघितलं, मोटर कवा उलटी, कवा मुकी. उद्या अकराला पुण्याचं गिऱ्हाईक येतंय. तू भरलेलं कुणाला ठाऊकच नाय."

भिकन हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "मला ठाऊक हाय ती कशानं येडी झाली."

"मग सांगू नको!" बन्सीनं त्याचा हात धरला. "ऐक. पयलं कागद हातात घे, कायम केल्याचा. मग बोटं चालव. आन् कशानं झालं ते तर मरंस्तोवर सांगू नको. दर दोन महिन्याला येडी होऊ दे. दर दोन महिन्याला तुझ्या दारात येतील, पालखी घेऊन."

राजाबाईनं पांढरा शर्ट काढला. घडीच्या जागी तो पिवळा पडला होता. "आवं, या टायमाला तरी मागा," ती म्हणाली.

सकाळी नऊला भिकन व्यंकटरावांच्या टेबलापुढे उभा राहिला. "साहेब, पयलं कागद..."

"कागद? हा कागद ना?" व्यंकटरावांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद त्याच्याकडे सरकवला. "वाच, तुला कळेल कुणी तुझ्या कामाची माती केली."

ते बन्सीच्या निलंबनाचं पत्र होतं. फक्त सही राहिली होती.

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पेढे वाटत, निळा गुलाल माखून आला होता," व्यंकटराव म्हणाले. "किटजवळ उभा राहून मलाही पेढा दिला. तेव्हाच हात लावला असणार. उट्टं काढलं. बघ, या चिपच्या कडेला निळा डाग आहे."

भिकननं बघितलं. चिपवर व्यंकटरावांचंच कुंकू वाळून चिकटलं होतं, लालभडक. निळं काही नव्हतं. मग त्यानं खिडकीच्या काचेतून बघितलं. बाहेर बन्सी मोटारसायकल पुसत उभा होता. पत्रात 'काल तोंडी समज दिली' असं लिहिलं होतं, म्हणजे पत्राचं त्याला ठाऊक होतं. आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. सिल्लोडहून इथपर्यंतच्या सगळ्या वाटेत त्यानं त्यातलं अक्षर काढलं नव्हतं. उलट 'मरंस्तोवर सांगू नको' म्हणाला होता.

भिकनला एक क्षण वाटलं, गप्प बसावं. तो क्षण बराच लांब होता, हे त्यानं नंतर राजाबाईजवळ कबूल केलं. तेवढ्यात त्यानं मनातल्या मनात हजेरीपटावर शाईतलं नाव बघितलं, पगाराच्या दिवशी रांगेत उभं राहून घेतलं, राजाबाईला शहागंजात साडीही घेतली.

मग तो म्हणाला, "साहेब, बन्सीनं नाय केलं. उन्हानं केलं. पट्टी काढली ना, तिथनं ऊन आत गेलं आन् पुसलं. पुण्याचा माणूस बोलला व्हता."

व्यंकटराव लाल झाले. देवाचे डोळे आपणच उघडले, आणि उघडून देवालाच आंधळं केलं, हे उमजायला त्यांना फार वेळ लागला नाही. शेवटी ते इंजिनिअर होते. त्यांनी पत्र उचललं, दोनदा फाडलं, आणि जणू भिकननंच पट्टी काढली असावी अशा नजरेनं त्याच्याकडे बघितलं.

"तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"मंत्र चालू व्हते, साहेब."

पुढचं भिकनच्या बोटांनी केलं. समोर किट होतं, कोरी चिप होती, आणि बोटांना तीन महिन्यांची भूक. कागद मागायचा राहिलाय हे त्याला शंभराव्या मेंढराला आठवलं. पण कळप निम्मा आत असताना कुणी मेंढपाळ थांबतो का? सात मिनिटांत फाटक लागलं, आणि यंत्रानं सगळा कळप कोऱ्या चिपवर कोरला. मोटर ठरल्याइतकी फिरली, थांबली, बाटली मोजली.

"वा!" व्यंकटराव म्हणाले. "आता याचा डोळा झाकायला काहीतरी हवं."

भिकननं खिसा चाचपला. पांढऱ्या शर्टाच्या खिशात राजाबाईनं विसरलेली टिकल्यांची पाकिटं होती, संक्रांतीच्या वाणातली, कुणी न वापरलेली. त्यानं त्यातली सगळ्यात मोठी टिकली काढली आणि आपल्या हातानं चिपवर चिकटवली. अंगठ्यानं कडा दाबून दाबून बसवल्या. ऊन शिरायला जागा ठेवली नाही.

"हे छान झालं," व्यंकटराव घड्याळ बघत म्हणाले. "आता तुला पुन्हा त्रास द्यायला नको. चहा घेऊन जा हं. आणि यादीचं माझ्या लक्षात आहे."

फाटकाबाहेर बन्सी गाडी चालू करून उभा होता. पत्र फाडलेलं त्यानं काचेतून बघितलं होतं. तो एकदम खेकसला, "कागद घेतला?"

"चहा घेतला," भिकन म्हणाला.

"भाड्या," बन्सी म्हणाला. त्यानं भिकनला स्टँडवर सोडलं, सिल्लोडच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं, आणि गाडी हलेपर्यंत पाठ करून उभा राहिला.

गिऱ्हाईक खूश झालं. ती चिप पुढे अकरा वर्षं चालली, एकदाही विसरली नाही. खात्यात नवी माणसं आली की व्यंकटराव तिच्या कपाळावरची टिकली दाखवून म्हणत, "आमच्या घराण्याची पद्धत."

माळावर भिकनचा एफ-झिरो त्याच पावसाळ्यात मेला. त्यानं दुसऱ्या एडक्याला ते नाव दिलं, पण तो काही मागं फिरत नव्हता.