अख्ख्या घराचं औषध

इराचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनहून ट्रेननं स्टॅनमोरला निघाले होते, तिच्या आईकडेच. वसुधासाठी मऊ मुगाची खिचडी केली होती. "मावशी, आई गेली. आत्ताच. तू ये ना..." एवढंच बोलली पोर. डबा अजून गरम होता. तो मांडीवर घट्ट धरून मी तशीच बसून राहिले. याला महिना उलटून गेला, तरी वसुधाबद्दल ‘होती’ असं लिहिताना हात अडतो.

वसुधा त्वचेची डॉक्टर, मी भूल देणारी. पुण्यात एकत्र शिकलो आणि पाठोपाठ इथे ऑस्ट्रेलियात येऊन हॉस्पिटलांत नोकरीला लागलो. "तुझे पेशंट निवांत झोपतात, माझे रात्रभर खाजवतात," असं चिडवायची मला. मधली काही वर्षं ती रजा काढून उत्तर ऑस्ट्रेलियात, ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतल्या एका दवाखान्यात जायची. तिथे गजकर्णानं माणसं बेजार झाली होती. कुणाची पाठ, कुणाच्या मांड्या, कुणाची नखंसुद्धा. पहिल्या खेपेला तिनं एका मुलीला गोळ्या दिल्या, डाग गेले, आणि बाई खुशीत परत आल्या. पुढच्या खेपेला पाहते तर तीच मुलगी, तेच डाग! मग ती मुलीच्या घरी गेली. वस्तीत पुरेशी घरं बांधलेलीच नव्हती, त्यामुळे एका घरात दोन-तीन कुटुंबं, गादीला गादी लावून झोपलेली. वॉशिंग मशीन कधीचं बंद, आणि इतक्या लांब दुरुस्तीला कोण येणार? "आणि लोक म्हणतात, अस्वच्छ!" हे सांगताना ती दर वेळी लाल व्हायची. "औषध मी एकटीला दिलं. चुकले मीच." त्यानंतर ती अख्ख्या घराला एकदम औषध द्यायला लागली. संध्याकाळी ओट्यावर सगळे बसायचे. आजी नातीच्या पाठीला मलम लावायची, नात आजीच्या. मशीनसाठी वसुधा अधिकाऱ्यांशी भांडायची ते वेगळंच. पण ‘वेगळे झोपा’ असं तिनं कुणालाही सांगितलं नाही.

आणि हीच बाई शेवटी कशी वागली! कॅन्सरच्या औषधांनी अंगातलं त्राण गेलं आणि तिच्याच पाठीवर गजकर्ण उठलं. थोड्या दिवसांत इराच्या हातावरही एक गोल डाग दिसला. झालं! वसुधानं टॉवेल वेगळा केला, ताट वेगळं केलं, लेकीला खोलीत यायची बंदी केली. पाठीपर्यंत हात पोहोचत नसताना मलम स्वतःच लावायची. मी गेले तेव्हा इरा जिन्यात बसून रडत होती. "मावशी, शी वोन्ट लेट मी टच हर. तिच्याकडे टाइम किती राहिलाय? आणि मी बाहेर बसायचं?"

मी आत जाऊन वसुधाला चांगलंच फैलावर घेतलं. "तिकडच्या आज्यांना सांगितलं असतंस का गं हे?" ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कूस वळवून म्हणाली, "बोलाव तिला. टॉमलाही बोलाव. सगळ्यांनी लावायचं. आणि डाग गेले तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

मग रोज संध्याकाळी त्या खोलीत मलमाचा कार्यक्रम. जावई टॉम बिचारा शर्ट काढून संकोचून बसायचा आणि सासूबाई पलंगावरून हुकूम सोडायच्या, "डागाच्या बाहेरपर्यंत लाव गं!" इरा आईच्या पाठीला मलम लावायची. लावून झालं तरी हात काढायची नाही, आणि वसुधाही तिला काढ म्हणायची नाही. फार दिवस नाही मिळाले त्यांना. आणखी मिळायला हवे होते, याचा मला अजून राग येतो.

अंत्यसंस्कार झाले त्या संध्याकाळी मी तिथेच होते. डाग मावळले होते, पण थांबा असं सांगणारी आता नव्हती. इरानं टॉमच्या पाठीला मलम लावलं, त्यानं तिच्या हाताला. मग सवयीनं तिनं पुन्हा बोटांवर मलम घेतलं, पलंगाकडे वळली आणि तिथेच थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "मी जास्त घेतलं..."

मी स्वेटरची बाही वर सारली आणि हात तिच्यापुढे धरला.