मासळीबाजारातला हिवाळा

आखातातल्या रास अल खैमाच्या उन्हात राहून हिवाळा विकत आणणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आमचा शेजारी होता. सिमेंटच्या कारखान्यात स्टोअरकीपर, गाव रत्नागिरीच्या खाडीवरचं, गावी म्हातारी अम्मी एकटी, आणि त्यांच्या-आमच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत. सगळे त्यांना भाईजान म्हणत, म्हणून मीही. परसात त्यांनी अक्रोड लावला होता. आंबा का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, आंबे आमच्या गावात कावळ्यांच्यासुद्धा मालकीचे आहेत. अक्रोड कुणाच्या परसात आहे ते दाखवा." अम्मीला त्यांनी शब्द दिला होता, कायमचा परत येईन तेव्हा माझ्या झाडाचा अक्रोड घेऊन येईन.

अक्रोडाला थंडी लागते हे त्यांनी वाचलं होतं. म्हणून रुजवायचे अक्रोड तीन महिने ओल्या वाळूत, फ्रीजमध्ये. त्यांचा फ्रीज एवढासा, तेव्हा माझ्या फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी. "दार हळू लावा, झोपलेत ते," असं भिंतीवरून बजावायचे. रोप आल्यावर दर जानेवारीत सकाळी मासळीबाजारातून बर्फ आणून बुंध्याभोवती रचायचे. तो बर्फ आदल्या दिवशी सुरमईच्या उशाला असायचा, त्यामुळे गल्लीतली समस्त मांजरं अक्रोडाखाली बैठकीला. माझे यजमान म्हणायचे, "याला फळ आलं तर काटे काढून खावं लागेल." डिसेंबरात भाईजान एकेक पान हाताने खुडायचे, म्हणजे झाडाला वाटावं पानगळ झाली. मग चुरडलेलं पान पाहुण्यांच्या नाकाशी धरून व्याख्यान: वास कसा, फळ कसं, वरची हिरवी साल सोलताना हात कसे काळे होतात. मी तोंडाने "हो का, हो का" म्हणत कुकरच्या शिट्ट्या मोजायची. अठ्ठावीस वर्षांची होते आणि आपण फार विनोदी आहोत अशी माझी समजूत होती. ती बाई आज भेटली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

सात वर्षं "यंदा धरेल, इन्शाल्ला" ऐकलं. झाड त्यांच्या खांद्यापर्यंत आलं, फळ काही आलं नाही. मग त्यांची नोकरी संपली. विमानाला आठवडा उरला असताना, शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि मी ग्रोसरीतून आणलेले तीन अक्रोड आणि तपकिरी दोरा घेऊन भिंत ओलांडली. निष्पर्ण झाडाला तिन्ही घट्ट बांधले. फळ आलेलं पाहून या माणसाचा चेहरा कसा होतो, एवढंच मला बघायचं होतं.

ते आले. झाडासमोर उभे राहिले, बराच वेळ. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून. मग त्यांनी हाक मारली, "वहिनी, या. धरलं." सगळी गल्ली गोळा केली. एक अक्रोड फोडून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवला. दुसरा मला. "मान तुमचा, फ्रीज तुमचा होता." तिसरा रुमालात बांधला, अम्मीसाठी. तेव्हा माझं हसू थांबलं, आणि मी खरं सांगून टाकलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी घरात गेले, अक्रोड खाल्ला, आणि पुढे कित्येक हळदीकुंकवांत त्यांची नक्कल करून बायकांना हसवलं.

आता मी दुबईत लेकाकडे असते. परवा नातीला ही गोष्ट रंगवून सांगितली. ती हसली नाही. फोनवर अक्रोडाच्या झाडाचा फोटो शोधून तिने माझ्यापुढे धरला. हिरवीगार फळं, कैरीसारखी. "आजी, दे कम इन अ ग्रीन कव्हर. ही न्यू, त्यांना माहीत होतं." माझे कान तापले. हिरवी साल मला दरवर्षी कोण सांगत होतं? आणि पान नसलेल्या झाडाला सोललेले, दोऱ्याने बांधलेले अक्रोड पाहून तो माणूस "धरलं" म्हणाला होता.

लेकाच्या ऑफिसातल्या एका रत्नागिरीकराने नंबर मिळवून दिला.

"भाईजान, तो अक्रोड..." एवढंच म्हटलं.

"वहिनी, गाठी काय मारल्या होत्या तुम्ही. सोडवताना नख मोडलं माझं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"खिडकीत तुम्ही इतक्या खुशीत दिसत होतात."

"आणि अम्मी?"

"तिला खरं सांगितलं. झाडाला नाही लागला, शेजारणीने आणून बांधला. म्हणाली, मग तू तिथे एकटा नव्हतास. शेवटपर्यंत फोडला नाही तिने तो."

"ती थट्टा होती हो," मी कशीबशी म्हटलं.

"ठाऊक आहे. तेवढं अम्मीला नाही सांगितलं."

मग त्यांनीच विचारलं, "झाड आहे का अजून?"

गेल्याच महिन्यात लेकाने मला तिकडून गाडीतून नेलं होतं. दोन्ही घरं नाहीत, भिंत नाही. पार्किंग आहे, सावलीला एक पानसुद्धा नाही.

"आहे," मी म्हटलं.

"धरलंय?"

"यंदा धरेल, इन्शाल्ला."

पलीकडे ते बराच वेळ गप्प राहिले, त्या शुक्रवारी झाडासमोर राहिले होते तसे.