बारामतीला, न दिसणाऱ्या भिंगाची खात्री करायला

इंदापूर ते बारामती हा काही फार लांबचा पल्ला नाही. तरी निघताना मला चैन पडेना. माझी नात शबाना तिथल्या एमआयडीसीत एका छोट्या कार्यशाळेत लागली आहे. काम काय विचारलं, तर म्हणे, "आबा, आम्ही क्ष-किरणांच्या भिंगांना चष्मा करतो." आता क्ष-किरण हाडं दाखवतात आणि अंगाला वाईट असतात, एवढं मला ठाऊक. त्यांना भिंग कशाला? सलीम, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "तुम्ही बघून या. तुम्ही नको म्हणालात तर तिला माघारी आणू." मी न कळवता निघालो. कळवलं की माणसं झाडूनपुसून ठेवतात.

सोबतीला शेजारचे तात्या. ऊस तुटून गेलेला, त्यामुळे मोकळे. सकाळची एसटी बरी पडते. पंचाहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. कंडक्टर माझ्या कार्डाकडे आणि तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिला. मीही त्याच्याकडे तसंच बघितलं.

गाडी बदलायला आम्ही भिगवणला उतरलो. उजनीच्या पाण्यावर कोवळं ऊन पसरलं होतं आणि मला मी शिकवायचो तो चौथीचा वर्ग आठवला. किरणांवरची कविता सगळा वर्ग एका चालीत म्हणायचा, शेवटच्या बाकावरची पोरं अर्धी ओळ मागे. त्या किरणांनी पाखरं जागी व्हायची, दव चमकायचं. हाडं दिसत नव्हती. जे कवितेत नाही त्यावर माझा भरवसा लवकर बसत नाही.

तात्यांना मात्र चिलापी मासा दिसला. हमरस्त्यावरच्या खानावळीत तळलेली चिलापी, रस्सा, बाजरीची भाकरी. दोघांचं चारशेत भागलं. रस्सा जाळ असतो, दही आधीच मागून घ्या.

"गुरुजी, त्या भिंगातनं बघतं कोन?"

"कुणालाच बघता येत नाही म्हणते."

"मंग फसिवत्यात पोरीला," तात्या काटा काढत म्हणाले. "माल दिसत न्हाय, गिऱ्हाईक दिसत न्हाय. ब्येस धंदा हाय!"

माझ्याच मनातलं बोलले, म्हणून मला त्यांचा राग आला.

बारामती स्थानकावरून रिक्षा करा, भाडं आधी ठरवून. कार्यशाळेला पाटी नव्हती. बाहेर मोटारसायकलींची रांग होती. तात्यांना दारात उभं करून मी इमारतीच्या मागं चक्कर मारली. तिथं हवेचा कॉम्प्रेसर घरघरत होता आणि एका खिडकीला आतून काळा कागद लावलेला. काळा कागद! झाकायला काहीतरी असल्याशिवाय कोण लावतं?

आत जाताना पायांत निळ्या पिशव्या चढवायला लावल्या. शबाना संगणकापुढं बसली होती. डोळे लाल.

"आबा, आजच कसे आलात?"

'आजच' मी लगेच उचललं. "रडलीस? कोण काय बोललं?"

"कुणी नाही. माझंच काम उलटं झालंय."

मग तिनं समजावलं. हे किरण वळतात फार थोडे, म्हणून हलक्या धातूची इवलीशी भिंगं ओळीनं लावतात. सगळी एकाच साच्यातली, त्यामुळे सगळ्यांत तीच बारीक चूक. ती साठत जाते आणि किरण एका ठिपक्यात जमायचे ते आजूबाजूला सांडतात. इथं ती चूक मोजतात, तिच्या बरोबर उलट आकाराची चकती लेसरनं कोरतात आणि रांगेच्या शेवटी बसवतात. चुकीला उलटी चूक, की हिशेब फिटला.

"आणि किरण कुठायत?"

"इथं नाहीतच, आबा. चाचणी दुसऱ्या राज्यात, मोठ्या यंत्रावर होते. काळा कागद लेसरसाठी लावलाय."

मी तरी खोलीचे कोपरे बघून घेतले.

चाचणीहून परत आलेली चकती तिनं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. तिळाहून लहान, मध्ये उंचवटा. तिथंच घोटाळा होता. साधा उजेड काचेत रेंगाळतो, या किरणांची लाट उलट किंचित पुढं सरकते, म्हणून आकारही उलटा लागतो. शबानानं उजेडाच्या सवयीनं आकडे घातले आणि खोलगट हवं तिथं उंचवटा आला. चाचणीत ठिपका आणखीच विस्कटला.

"म्हंजी पोरीनं हुतं त्येबी बिघडिवलं व्हय?" तात्या दारातून म्हणाले.

तेवढ्यात तिथल्या प्रमुख बाई आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. आता हिला काढणार, मी मनाशी म्हटलं.

"चूक कितीनं वाढली, मोजलंस?"

"दुप्पट झाली."

"नेमकी दुप्पट?"

"हो."

"मग मोजमाप बरोबर, कोरणंही बरोबर. फक्त दिशा उलटी. दीडपट निघाली असती तर मला घोर लागला असता. चल, नवीन कोरायला घे."

शबाना बाहीनं नाक पुसून संगणकाकडे वळली.

पाहुण्यांसमोर गोड बोलायला काय जातं? मी माझी पिशवी मुद्दाम खुर्चीखाली ठेवून निरोप घेतला आणि थोड्या वेळानं हळूच माघारी आलो. आत मॅडम खडसावत होत्या, पण सगळ्यांना. "अधिक-उण्याचं चिन्ह तिचं चुकलं, तपासलं कुणी नाही. यापुढं दुसऱ्यानं बघितल्याशिवाय चकती बाहेर जाणार नाही."

मग शबानाचा आवाज आला. "मॅडम, जरा दाराकडं बघा. आबांनी पिशवी मुद्दाम ठेवलीय. आलेच असतील."

मी खोकलो आणि आत गेलो.

परतीला सरळ इंदापूरची गाडी मिळाली. घरी सलीम वाटच बघत होता.

"राहू दे तिला," मी म्हणालो.

"धोका नाही ना?"

"मागची भिंतसुद्धा बघून आलोय."

संशय पुरता गेला असं म्हणणार नाही. नवी चकती चाचणीला गेल्याचा शबानाचा फोन आला, तेव्हा मी ठिपक्याची दोन्ही चित्रं मागितली, चकतीशिवायचं आणि, चाचणी झाली की, नव्या चकतीचं. शेजारी ठेवून मीच बघणार.

"विश्वास नाही का, आबा?"

"आहे. तरी पाठव."

"तिसरंही पाठवते," ती म्हणाली. "मी बिघडवलेलं."