कोपरीचे शुभवर्तमानकाका

"आडणा घाल! अरे मेल्या, उभा काय राहिलास, आडणा घाल! आला तो!"

आत्या अशी ओरडली की आमच्या कौलांवरचे कावळे उडाले ते थेट दूरच्या खोपट गावात जाऊन बसले. मी दाराला आडणा घातला आणि फटीतून पाहिलं. कोपरीची गल्ली ओस पडली होती. दारोदार कडुनिंबाचा धूर होता, आणि त्या धुरातून ताडासारखा एक माणूस बगलेत छत्री धरून सावकाश आमच्याच दाराकडे येत होता.

ते शुभवर्तमानकाका. धंद्यानं शिंपी, धर्मानं ख्रिस्ती आणि आवाजानं आगगाडीचं इंजिन. त्यांनी कोपरीत हाक मारली तर कल्याणच्या खाडीतल्या होड्या तोंड फिरवत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं होड्यांना विचारावं. तरुणपणी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरच्यांनी त्यांच्या नावानं अंघोळ केली. काका मात्र हसून सांगत, "मला मेलेला धरून सगळे न्हाले, तेवढीच घरात स्वच्छता झाली!"

त्यांचा उपदेश मापाच्या फितीतून चाले. "गळ्याभोवती फीत असली की माणूस वाद घालत नाही," असं ते डोळा मिचकावून म्हणत. माझ्या एका बंडीचं माप घेता घेता ते आदाम-हव्वेपासून नोहाच्या तारवापर्यंत पोचले. बंडी हातात आली तोवर मी वीतभर वाढलो होतो.

कुणाच्याही ओसरीवर चढताना त्यांचा एकच पुकारा असे, "शुभवर्तमान आणलंय हो!" पहिल्यांदा हे ऐकून आमच्या शेजारचे म्हातारे लगबगीनं बाहेर आले.

"कुणाला मुलगा झाला?"

"झाला ना, आजोबा! बेथलेहेमात."

"म्हणजे डोंबिवलीच्या अलीकडे की पलीकडे?"

काकांनी त्यांना बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारे मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गोठ्यात बाळंतीण ठेवली? त्या गावात माणसं नव्हती काय?" काकांना हा प्रश्न इतका आवडला की पुढं वर्षभर ते तो ज्याला त्याला सांगत होते.

मग गाठीचा ताप आला. आढ्यावरून उंदीर पडू लागले. आधी एकेक, मग पिकलेल्या जांभळांसारखे. ज्या घरात ताप शिरे त्या घराकडे सोयरेसुद्धा पाठ फिरवत. काका तेवढे तिथं जात, पाणी पाजत, उशाशी बसून प्रार्थना करत. बहुतेक रोगी मरतच. आधी ताप, मग काका, मग मरण, असा खरा क्रम होता. लोकांनी त्यातला ताप गाळला. काका आले की माणूस जातो, एवढंच उरलं. काका घेतील ते आपल्या कफनाचंच माप, म्हणून लोक फाटक्या सदऱ्यांत हिंडू लागले. विहिरीवर भांडणाऱ्या बायका एकमेकींना शाप देत, "तुझ्या घरी शुभवर्तमान येवो!"

आणि आमच्या घरी ते आलं होतं.

मागच्या खोलीत वहिनी तापानं फणफणली होती. काखेत गाठ होती. सरकारी माणसं उचलून नेतील म्हणून दादानं तिला लपवलं होतं. तिच्याजवळ जायची छाती कुणाचीच होत नव्हती. पेजेचा वाडगा आम्ही काठीनं आत ढकलत होतो.

काकांनी कडी वाजवली. दादानं दांडका उचलला, आडणा काढला आणि दार अडवून उभा राहिला.

"काका, परत फिरा. तुम्ही पाय ठेवलात की माणूस जातं."

"तिच्याजवळ कोण बसलंय?"

तेवढ्यात आतून वहिनीचा खोल गेलेला आवाज आला, "येऊ द्या हो कुणालातरी."

दादानं दांडका खाली केला. "या. पण तुमच्या देवाचं एक अक्षर काढायचं नाही. बोललात आणि ती गेली, तर तुमचंही डोकं फोडीन. आईशपथ."

काकांना गप्प राहा म्हणणं म्हणजे खाडीला भरती आणू नको म्हणणं. त्यांनी छत्री दाराशी टेकवली.

"कबूल," म्हणाले, आत गेले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

त्यानंतर दादा त्या दाराला कान लावून बसला तो उठलाच नाही. दांडका मांडीवर. आतून चकार शब्द येत नव्हता. वाडगा आत जाई, रिकामा बाहेर येई. त्या इंजिनाची इतकी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. तिचीच धास्ती वाटू लागली. आत्या कुजबुजली, "दोघंही गेली असतील रे."

एका सकाळी दार उघडलं. भिंतीला धरून वहिनी उभी होती, पांढरीफटक, पण आपल्या पायांवर. मागं कोपऱ्यात काका पडले होते. तिनं त्यांच्यावर आपलीच चादर घातली होती. दादानं ती बाजूला केली. जांघेत गाठ होती, लिंबाएवढी, फुटून चिघळलेली.

ठाण्याहून त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतले तिघंच येऊ शकले. चौथा खांदा दादानं दिला.

परत आल्यावर दादा वहिनीसमोर बसला. "मी दारालाच होतो. एवढी गाठ फुटली तरी कण्हल्याचासुद्धा आवाज नाही? तुझ्याशी तरी काही बोलले?"

"तोंडात पंचा कोंबून बसायचे," वहिनी म्हणाली. "बोलणार कसे?"