द्राक्षाला गेली, बाई

बाई हजेरी घेताना गैरहजर पोराचं नावही वगळत नसत. नाव पुकारायच्या, थांबायच्या, आणि ते पोर कुठं गेलंय हे बाकीच्या वर्गानं एका सुरात सांगायचं. "द्राक्षाला गेली, बाई!" त्र्यंबकच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथली निम्मी घरं दिवाळीआधीच दिंडोरीकडच्या बागांत मजुरीला जात, त्यामुळे हे उत्तर रोजचंच. "नाव घेतलं नाही ना सर, की पोर हळूहळू नसल्यासारखंच होतं," बाई म्हणत. मला तो नसता उद्योग वाटे.

शाळेत शिक्षक दोनच, बाई आणि मी. पट घसरला की दुसरा शिक्षक अतिरिक्त ठरून बदलीवर जातो, आणि नवखा असल्यानं तो दुसरा मीच होतो. माझ्यापेक्षा बाईंनाच याची धास्ती. सुट्टीच्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून त्या बागाबागांतून पोरं परत मागत फिरायच्या. एकदा एक आई म्हणाली, "हिला नेलं तर लहान्याला कोण धरील, बाई?" बाईंनी लहान्यालाही उचललं. दोघं पाड्यावर आजीकडं राहिली आणि रोज शाळेत आली. लहान्या पटावर चालत नव्हता, बाईंच्या मांडीवर मात्र चालत होता.

पट तपासायला साहेब येणार म्हणून मी शेजारच्या पाड्यावरची पोरं आणून बसवायला निघालो होतो. बाई ऐकतील तर शपथ! त्यांनी नेहमीसारखी नावं पुकारली, आणि साहेबांच्या तोंडावर पोरांनी ठणकावून सांगितलं, "द्राक्षाला गेली, बाई!" माझी बदली पंचवटीतल्या शाळेत झाली. निरोप देताना बाई म्हणाल्या, "पोरांना खोटं बोला असं कसं सांगू, सर?" मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना सोडवतही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पाड्यावर गेलो. चारही वर्ग एकाच खोलीत होते, तरी खोली रिकामी दिसत होती. हजेरी चालली होती म्हणून मी दाराबाहेर थांबलो. शेवटच्या नावानंतर बाई थांबल्या आणि त्यांनी पुकारलं, "सर?"

"सर शहरात गेले, बाई!" पोरं एका सुरात म्हणाली.

'हजर' म्हणायला तोंड उघडलं, पण पोरं खरंच सांगत होती.

ती शाळा आता बंद झाली. बाईही आजारपणात गेल्या. माझ्या वर्गात पोरं मावत नाहीत. हजेरी संपली की मी हळूच बाईंचं नाव घेतो आणि थांबतो. त्या कुठं गेल्या हे सांगायला वर्गात कुणी नसतं.