वेणीतली लवंग

बाई खालच्या दारात आल्या की आम्हाला वर माडीवर कळायचं. आधी लवंग आणि मिरी यायची, सरळ नाकात, नमस्कार-चमत्कार न करता. मग दालचिनी. बाई टेबलापाशी बसून चष्मा पुसेपर्यंत मागाहून चंदन आणि तंबाखूच्या पानाचा वास पोचायचा आणि खोली उबदार वाटायला लागायची. पहिल्या दिवशी मी शेठ आले असं समजून ताडकन उभी राहिले होते. आत आली ती पन्नाशीची, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली बाई, मनगटावर पुरुषी घड्याळ. "बस," म्हणाल्या, "शेठ अकराच्या आधी येत नाहीत."

हे ऐंशीच्या दशकातलं, साकीनाक्याच्या एका गाळ्यातलं. अगरबत्ती, साबण, केसांची तेलं करणाऱ्यांना आम्ही सुगंध बनवून द्यायचो. मी बाईंच्या हाताखाली बाटल्या धुवायची, थेंब मोजायची आणि वास ओळखायला शिकायची. बाईंच्या अंगावरचा वास त्यांनी स्वतःसाठी बनवलेला होता. तेव्हा बायकांनी मोगरा-गुलाब लावायचा आणि पुरुषांनी दाढीनंतर लिंबासारखं काहीतरी, असा रिवाज होता. तो कुणी ठरवला होता देव जाणे. बाईंनी तो कधी मनावर घेतला नाही.

त्यांचा स्वभावही त्याच क्रमाने कळायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक बाटली फुटली. "हात कापतात तर या कामाला आलीस कशाला?" एवढंच म्हणाल्या, पण चांगलंच झोंबलं. दुपारी त्यांनी आपला डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. मी घाईत डबा घरी विसरले होते, हे त्यांनी न विचारता हेरलं होतं. मला त्या भयंकर आवडायला लागल्या. त्यांच्यासारखं चालावं, बोलावं, असं वाटायचं. घड्याळ तर मी वडिलांचं मागूनही पाहिलं, मिळालं नाही.

त्या वासात एकच उणीव होती. दुपारनंतर तो विरायचा. बाई मनगट नाकाशी नेऊन म्हणायच्या, "ह्याला तळ नाही गं."

मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. शेवटी शेठसमोर परीक्षा, दहा कागदी पट्ट्या हुंगून दहा वास सांगायचे. पास झालं तर कायम, नाहीतर घरी. वडिलांची गिरणी बंद पडलेली, भाऊ शाळेत. माझी नोकरी गेली तर काय, हे आई कधी बोलून दाखवत नसे, म्हणून ते जास्त टोचायचं. परीक्षेच्या दिवसाचे बाईंचे नियम मला पाठ होते. पावडर नाही, गजरा नाही, तेल नाही, वासाचा साबण नाही, आदल्या रात्री कांदा नाही. मी सगळे पाळले.

परीक्षा सोमवारी होती. रविवारी आईने वर्षाचा मसाला भाजला.

आमचं घर नाहूरला, दोन खोल्यांचं. आम्ही मालवणकडचे, चैत्रात मसाला व्हायलाच हवा. शेजाऱ्यांना ठसका लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद करून आई दिवसभर मिरच्या, धणे, लवंगा भाजत होती आणि मी शेजारी बसून निवडून देत होते. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाच मसाल्याचा वास येत नाही, कारण सगळ्यालाच तो येत असतो. बाईंच्या नियमांत मसाला नव्हता. आणि मला, मूर्ख मुलीला, तो वास असतो हे सुचलंच नाही.

पहिल्या तीन पट्ट्या मी फटाफट सांगितल्या. चौथी नाकाशी नेली तर नुसता कागद. सहावीही तशीच, नववीही. अंदाजाने काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं. खोटं बोलायची मला भीती नव्हती, बाईंच्या नाकाची होती. मी म्हणाले, "ह्या तीन पट्ट्यांना वासच येत नाही."

शेठनी बाईंकडे पाहिलं. "लवंग, दालचिनी, जायफळ. एवढं तर माझा नातू पण सांगेल ना, बाई. दुसरी मुलगी बघा."

बाई उठल्या, माझ्या मागे आल्या आणि माझी वेणी उचलून त्यांनी चक्क हुंगली. "काल घरी काय केलंत?"

"मसाला भाजला."

"शेठ, हिच्या वेणीतच लवंग बसलीय, तर पट्टीवरची हिला कशी कळणार? आणि तिने अंदाज मारला नाही, येत नाही म्हणून सांगितलं. मला असंच माणूस हवंय. बुधवारी परीक्षा परत घेते." शेठनी हात हलवला. बाईंशी वाद घालणं त्यांनी फार पूर्वीच सोडलं होतं. बाईंनी मात्र वेणी सोडली नव्हती. "धणे, बडीशेप, मिरी," त्या पुटपुटत होत्या. "आणि हे खाली राहिलंय ते काय गं?"

"दगडफूल असेल."

"छे. दगडफूल मी घालून पाहिलंय. ओल्या भिंतीसारखा वास येतो त्याला."

"आई ते भाजत नाही. सगळं भाजून झालं की गॅस बंद करते आणि त्या गरम कढईत ते नुसतं टाकून झाकण ठेवते."

बाईंनी वेणी पुन्हा एकदा हुंगली आणि सोडली. मग म्हणाल्या, "बुधवारी तसंच केलेलं मूठभर घेऊन ये. आणि डोकं धुऊन ये."

घरी हे सांगितलं तेव्हा आई रडली. दगडफुलाचं तिने ऐकलंच नाही. "माझ्या मसाल्यापायी तुझी नोकरी जाय होती गो," एवढंच म्हणत राहिली. पुढच्या वर्षापासून तयार मसाला आणायचा, असं तिने ठरवूनही टाकलं. बुधवारी मी दहाच्या दहा पट्ट्या ओळखल्या तरी तिचा निश्चय ढळला नाही.

बाईंनी ते दगडफूल महिनाभर स्पिरिटमध्ये मुरवलं आणि आपल्या वासात घातलं. आता तो संध्याकाळी साडीच्या पदरालाही राहायचा. शेठनी विचारलं, "पण हा जेन्ट्सचा की लेडीजचा? बाटलीवर काय छापू?" बाई म्हणाल्या, "लावून बघा आणि तुम्हीच ठरवा." शेठचं शेवटपर्यंत ठरलं नाही, पण ते स्वतः रोज लावायला लागले.

बाईंची एक वही होती. कुठल्या वासात काय, किती आणि कुठून आणलेलं, ते तीत लिहिलेलं असायचं. ह्या वासाचं पान त्यांनी मला उतरवून घ्यायला दिलं, सोबत एक छोटी बाटली. मी दोन्ही घरी नेलं. आईच्या मनगटाला थेंब लावला आणि कागद वाचून दाखवला. चंदन, म्हैसूर. लवंग, केरळ. शेवटची ओळ होती, दगडफूल, नाहूर.

"परत वाच," आई म्हणाली. मी परत वाचलं. ती मनगट हुंगत बसली.

पुढच्या चैत्रात तिने मसाला घरीच भाजला. फक्त मला त्या दिवशी मावशीकडे धाडून दिलं.